सकाळी मंडईत, दुपारी चर्चमागे

जयसिंग गेल्याचा निरोप पलूसकडून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने साताऱ्यात आमच्या ऑफिसात आणून दिला, तेव्हा मी जेवायला डबा उघडत होतो. तो तसाच बंद केला. अन्ननलिकेचा कॅन्सर व्हायचा तो नेमका याला व्हावा? ज्याने आयुष्यभर आम्हाला कुठे काय खावे एवढेच सांगितले, त्याला? त्या दिवशी मी देवाला बरेच काही बोललो. महिना उलटून गेला, पण त्यातला एक शब्दही मागे घ्यावासा वाटत नाही.

आम्ही दोघे शेतकी खात्यात बरोबरच लागलो. तो पलूसकडचा, मी रहिमतपूरचा. मेक्सिकोतून नव्या लाल गव्हाचे बियाणे आले, तेव्हा खात्याने काही जणांना शिकायला तिकडे पाठवले, त्यात हा होता. गव्हाबद्दल कमी आणि खाण्याबद्दल जास्त शिकून आला, असे आमचे साहेब म्हणायचे. ऑफिसात त्याचे नावच ‘मेक्सिको’ पडले. तिथल्या राजधानीत न्याहारी कुठे करायची आणि दुपारचे जेवण कुठे, हे तो असे सांगायचा की जणू आम्ही उद्या सकाळच्या गाडीने निघणार आहोत. आमच्यातल्या निम्म्यांनी पुणेसुद्धा ओलांडलेले नव्हते. “गड्या, मंडईत शिरायचं. फुलांची दुकानं संपली की डाव्या हाताला एक बाई मातीच्या तव्यावर मक्याच्या भाकरी भाजत बसल्याली असती. न्याहारी तिथं. भाकरीवर अंडी आन् भाजल्या मिरची-टोमॅटोचा ठेचा. दुपारी चर्चमागं जायचं, निळ्या दाराच्या खानावळीत. तिथं शिजवल्याला घेवडा. उलटं न्हाई करायचं.” मी मुद्दाम विचारायचो, का रं? “दुपारपतूर त्या बाईच्या भाकरी गार हुत्यात. ती भाकरी गार झाली की संपली.”

हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की हसू आवरत नसे. पण घरी त्याने ते सगळे खरे करून दाखवले. उसाच्या बांधाला पांढरा मका लावला. चुन्याच्या निवळीत मका शिजवायचा, रात्रभर त्यातच ठेवायचा, सकाळी चोळून साली काढायच्या, पाट्यावर वाटायचा आणि तळहाताएवढ्या भाकरी थापायच्या, हे त्याने इंदूवहिनींना, म्हणजे बायकोला, शिकवले. आमच्याकडे मका ही जनावराची वैरण. दुष्काळात रेशनवर मका आला, तेव्हा गावाने नाके मुरडली होती, आणि हा हौसेने पिकवून खातो म्हटल्यावर भावकीला बोलायला विषयच मिळाला. वहिनींनी मात्र कुणाचे ऐकले नाही. घेवडा मी रहिमतपूरहून न्यायचो. चुलीपुढे आम्ही दोघे बसायचो, वहिनी तव्यावरची भाकरी सरळ ताटात टाकायच्या आणि जयसिंग म्हणायचा, “आता मंडईत बसलोय बग.”

मिरजेच्या दवाखान्यात त्याला ठेवले, तेव्हा आधी घट्ट जेवण बंद झाले, मग पेजही उतरेना आणि शेवटी नळीने दूध. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही तो मंडई आणि निळे दार समजावून सांगत होता, पण आवाज घोगरा झाला होता आणि मधेच थांबत होता... एकदा माझ्यासमोर त्याने वहिनींना म्हटले, “एक भाकर करून आन. घास उतरला न्हाई तर थुकतो. तोंडात तर घिऊ दे.” डॉक्टरांनी तोंडाने काही द्यायचे नाही म्हणून बजावले होते. वहिनी म्हणाल्या, “बरं वाटल्यावर करू की.” त्याने पुन्हा मागितले, त्यांनी पुन्हा तेच सांगितले. पुढे पुढे तो मागायचाही बंद झाला. वहिनींचे काहीच चुकले नव्हते. पण उपाशी माणसाला आपण नाही म्हणालो, हे त्यांच्या मनातून कोण काढणार?

रक्षाविसर्जनाला मी गेलो. आमच्या भागात गेलेल्या माणसाच्या आवडीचे सगळे निवद म्हणून मांडतात आणि कावळा शिवेपर्यंत लोक बसून राहतात. उशीर झाला तर जिवाला काहीतरी हवे होते असे समजायचे. कृष्णेकाठी पिठले-भात, जिलेबी, चहाचा कप, सगळे मांडून झाले होते. वहिनींनी जावेच्या चुलीवर मक्याची भाकरी करून आणली होती. ती पदराखाली फडक्यात घट्ट गुंडाळलेली. मी खुणेने विचारले, तर म्हणाल्या, “भावजी, गार हुईल. कावळं दिसलं की मग सोडते.” त्यांनी गाठीला हात घातला नाही तोच एक कावळा उतरला, भाताला चोच लावली आणि उडाला.

लोकांनी समाधानाने हात जोडले. “सुटला. कशात जीव आडकला न्हवता गड्याचा,” चुलते म्हणाले आणि सगळे उठले. वहिनी तशाच बसल्या होत्या. मांडीवर ती गाठ. “थांबलं बी न्हाईत वो,” एवढेच त्या म्हणाल्या. कावळा दुपारपर्यंत आला नसता तर त्या बाईला किती बरे वाटले असते, हे त्या घोळक्यात कुणाच्या ध्यानात आले असेल असे मला वाटत नाही. मला तो कावळा अजून दिसतो आणि अजून त्याचा राग येतो.

परवा पुन्हा पलूसकडे जाणे झाले. स्वयंपाकघरात पाटा धुऊन उभा केलेला, त्यावरच्या टाकीच्या खाचांत चुन्याचा पांढरेपणा तसाच. कोपऱ्यातल्या मडक्यात मका भिजत होता. मी उठायला लागलो, तर वहिनी म्हणाल्या, “थांबलाय तर खाऊनच जावा.” त्यांनी मका वाटला, तवा ठेवला आणि पहिली भाकरी सरळ माझ्या ताटात टाकली. मी घास घेतला. समोर बसून त्या माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे बघत होत्या. घास खाली उतरलेला दिसला, तेव्हा त्यांनी दुसरी थापायला घेतली.