शेरूचे बाबा

आमच्या बागेत कुत्रा फिरवायला येणाऱ्यांना स्वतःची नावं नसतात. कुत्र्याच्या नावावरूनच हाक मारायची. ते शेरूचे बाबा, मी राणीची आई.

आज सकाळी शेरूचे बाबा एकटेच दिसले. शेरू दिवाळीच्या आधी गेला. तरी यांच्या खिशात वर्तमानपत्राचे तुकडे होतेच. घसरगुंडीपाशी कुणाच्या तरी कुत्र्याने घाण केली होती. ती त्यांनी कागदात उचलली, कचराकुंडीत टाकली आणि नळावर हात धुतले.

“अहो, दुसऱ्याच्या कुत्र्याचं तुम्ही कशाला काढता?” मी जरा चिडूनच विचारलं.

“हात धुऊन घरी गेलं की त्याला फिरवून आणल्यासारखं वाटतं,” ते म्हणाले.

त्यांचं नाव विचारावं असं फार वाटलं. पण इतकी वर्षं न विचारलेलं आता विचारणं म्हणजे शेरूला पुसून टाकण्यासारखं होतं. राणीही थकली आहे, अर्ध्या फेरीतच बसते. आणि घरी मला हाक मारणारं कुणी नाही.

“येतो, राणीच्या आई,” ते म्हणाले.

मी राणीचा पट्टा हाताभोवती आणखी एकदा गुंडाळून घेतला.