सुमनताईंचा डावा हात

महाडच्या बाजारपेठेमागे सुमनताईंचा भरतनाट्यमचा वर्ग भरायचा. दारात पत्र्याचा डबा असे. आत शिरण्याआधी फोन त्यात टाकायचा. कुणी व्हिडिओसाठी हट्ट धरलाच तर ताई म्हणत, "फोनला घाम येतो काय गो? तुला येऊ दे."

हेकेखोर बाई, पण तो हेका कमावलेला होता. महाडजवळच्या नाते गावची ही मुलगी घरच्यांशी भांडून नाच शिकायला तंजावरला गेली, तेव्हा देवळातला नाच बंद पडून जमाना लोटला होता. एका म्हाताऱ्या नर्तकीची सहा वर्षं चूल सांभाळून तिने सात विसरलेले नाच मिळवले. त्यातले सहा रंगमंचावर पुन्हा उभे केले. ते आज कुठेकुठे नाचले जातात. सातवा मात्र कधी मंचावर आणला नाही. "तो देवापुढचा. तिकिटावर नाय," म्हणायच्या. तो बसून करायचा आणि एकाच शिष्येला द्यायचा.

ती शिष्या मी. तुडील गावची, ताल चुकवण्यात पटाईत. मलाच का निवडलं, देव जाणे.

त्या नाचात डावा हात आई, रुसलेल्या बाळाला बोलावणारी, आणि उजवा हात बाळ. आधी डावा शिकायचा. तो पक्का होईपर्यंत उजव्याचं नावही काढायचं नाही, अशी तंजावरच्या त्या म्हातारीची शिस्त. माझा डावा वर्षभरात पक्का झाला आणि मला मुंबईत नोकरी लागली. "मे महिन्यात येते," म्हटलं. मग म्हटलं, "गणपतीत नक्की."

"ये गो. उजवा कुठं पळतोय?" ताई म्हणाल्या.

गणपतीच्या आधीच त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही. एवढा एकच शब्द उरला, "नाय."

मी रजा काढून आले, खाटेशी बसले. ताईंनी डावा हात उचलला, मीही उचलला. मग अंदाजाने उजवा पुढे केला.

"नाय."

वेगळा केला.

"नाय."

पंधरा दिवस हेच. ताई चिडायच्या, रडायच्या. त्यांच्या डोळ्यांत तो हात स्पष्ट होता आणि मला तो काढून घेता येत नव्हता. स्वतःचा इतका राग मला कधी आला नाही. कार्तिकात ताई गेल्या.

आता वर्ग मी घेते. सातवा नाच सगळ्याच मुलींना शिकवते, उजवा हात मांडीवर ठेवायला सांगून. परवा एकीने विचारलं, "बाई, हा हात काय करतो?"

"नाय ठाऊक गो," मी म्हणाले.