निघणाऱ्यामागे एक वाडगा

शोरकुदुकमध्ये सून पहाटे उठते, दारापुढच्या गल्लीवर पाणी शिंपडते आणि मग झाडू मारते. उजाडायच्या आत जिची गल्ली ओली नाही ती सून आळशी, हे इथल्या सासवांनी कधीचंच ठरवून टाकलं आहे. त्यामुळे नळाचं पाणी रस्त्यावर टाकायला नगरपालिकेनं बंदी केली, तेव्हा बंदी मोडणाऱ्यांना पकडण्याचं काम तिनं कुणाला द्यावं? तर खोसियत-ओपाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या खोसियत-ताईला, जिनं स्वतः पंचवीस वर्षं सासूच्या धाकात हीच गल्ली शिंपडली होती. नगरपालिकेला अक्कल नसते असं उगाच म्हणतात. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

तीन वर्षं झाली. नळाला एक दिवसाआड दोन तास पाणी येतं, आणि खोसियत-ओपा मात्र रोज येते. रबरी बूट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात नळाला लावायच्या सीलची पिशवी. गल्लीत शिरण्याआधी ती कोपऱ्यावर थांबून चांगलं खणखणीत खोकते. थंडीत खोकते, उन्हाळ्यातही खोकते. पाणीखात्यातल्या साहेबाला वाटतं, बाईला दमा आहे. सुनांना मात्र बादली आत न्यायला तेवढा वेळ पुरतो.

पण एवढं करूनही जी सापडली ती सापडली. भांडी धुतलेलं पाणी टाकायला परवानगी आहे, नळाचं ताजं पाणी टाकायला नाही, आणि ओल्या मातीवरून दोन्हींतला फरक ओपाला वाकून बघताच कळतो. खरकट्या पाण्याला मुंग्या लागतात. सुनाही काही कमी नाहीत. त्या ओल्या मातीवर कांद्याची सालं पसरून ठेवतात.

"काय गं, काल कांदा, आज कांदा. रोज पुलाव शिजतो का तुझ्याकडे? मग बोलावत का नाहीस?"

"ओपा, कसला पुलाव! सासूबाईंना खोकला झालाय, कांद्याचा रस देतेय."

"मग सालं तरी वाळलेली टाकू नकोस. ही गेल्या महिन्यातली आहेत."

असं बोलून ती पुढे जाते. तिसऱ्यांदा सापडलं तर मात्र एक दिवसासाठी नळ सील, आणि चहाखान्याच्या फळ्यावर घराचं नाव. तिथे ओळखदेख नाही, नातं नाही. ती कडक आहे यात वाद नाही. पण विहिरी खारट झालेल्या गावात कुणीतरी कडक असायलाच हवं, आणि लोकांनाही ते आतून पटलेलं आहे, तोंडानं काही म्हणोत.

एका गोष्टीवर मात्र गावाचं आणि तिचं बिनसलं होतं. शोरकुदुकमध्ये माणूस परगावी निघाला की त्याच्यामागे वाडगाभर पाणी टाकतात, म्हणजे तो पाण्यासारखा वाहत जातो आणि सुखरूप परत येतो. नियमात हे बसत नव्हतं. रस्ता तो रस्ता, पाणी ते पाणी. शेजारच्या झुलैहोनं मुलगा मॉस्कोला निघाला तेव्हा त्याच्या गाडीमागे वाडगा ओतला, आणि आधीच्या दोन चुका धरून ती तिसरी झाली. खोसियत-ओपानं दुसऱ्या दिवशी तिचा नळ सील केला.

झुलैहो भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तुझाही मुलगा मोठा होतोय, खोसियत."

ते खरंच होतं. एलमुरोद तेवीस वर्षांचा झाला होता, आणि या वसंतात कझानच्या एका बेकरीत त्याचं काम ठरलं. निघायला तीन आठवडे उरले. खोसियत-ओपाची झोप उडाली.

तिची झोप का उडाली ते गल्लीतल्या लहानथोरांना माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी तिचा नवरा असाच रशियाला कामाला गेला. तो निघाला त्या दिवशी गावात तीन दिवसांपासून पाणी नव्हतं. घरात एक माठ होता, त्याच्या तळाशी चार वर्षांच्या एलमुरोदला प्यायला ठेवलेलं तेवढं पाणी. खोसियतनं माठाकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि वाडगा भरला नाही. नवऱ्यानं दोन वर्षं पैसे पाठवले, मग पत्रं कमी झाली, मग कळलं की तिकडे त्यानं दुसरं घर मांडलंय. त्या दिवसापासून सासू, जिला सगळी गल्ली एना म्हणते, ती खोसियतला एकच वाक्य ऐकवत आली.

"कोरड्या रस्त्यानं पाठवलंस माझ्या लेकाला."

रोटी करपली की हे वाक्य. गुडघा दुखला की हे वाक्य. ईदला पाहुण्यांसमोर हे वाक्य. खोसियत कधी उलटून बोलली नाही, कारण रात्रंदिवस ती स्वतःलाही तेच म्हणत होती. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही असं ती पाणीखात्यात सांगायची. तिचा होता. खूप होता.

म्हणून ती अर्ज घेऊन नगरपालिकेच्या बैठकीला गेली. मयताच्या आंघोळीला, लग्नाला, आजाऱ्याला जशी सूट आहे तशी निघणाऱ्याच्या मागे टाकायच्या एका वाडग्याला द्या, असा अर्ज. नगरपालिकेचे उपप्रमुख, नायब हाकीम मन्सुरोव यांनी तो वाचला आणि चष्मा काढला.

"ओपा, तुम्ही? गेल्या वर्षी सर्वांत जास्त नळ तुम्ही सील केलेत! आता आम्ही काय वाडग्यांचा कायदा करायचा? वरच्या कचेरीत कळलं तर हसतील."

बैठक आधी इथेच हसून मोकळी झाली. खोसियत-ओपा हसणं संपेपर्यंत उभी राहिली. मग तिनं पिशवीतून वही काढली. तीन आठवड्यांतले दोन तिनं घरोघर फिरण्यात घालवले होते. लोकांना वाटत होतं, ती ओल शोधतेय.

"हिशेब आणलाय, साहेब. वाडग्यात अर्धा लिटर मावतं. आपल्या चार मोहल्ल्यांतून गेल्या वर्षी जेवढी माणसं कामाला बाहेर गेली, त्या प्रत्येकाचा एक वाडगा धरला, तर वर्षाचं पाणी होतं एकशे पंचावन्न लिटर. तुमच्या कचेरीतल्या गळक्या नळातून आठवड्यात याहून जास्त जातं. मी नोटीस दिली होती, कुणी दुरुस्त केला नाही."

"एकशे पंचावन्न," मन्सुरोव म्हणाले. मग त्यांची बोटं टेबलावर थांबली. "म्हणजे माणसं किती?"

"तीनशे अकरा. वरचा अर्धा लिटर मी सोडून दिला."

तीनशे अकरा म्हणजे एका वर्षात दर तिसऱ्या घरातला एक. बैठकीत बसलेल्या अकरा जणांनी मनातल्या मनात आपापलं माणूस त्या आकड्यात शोधलं आणि बहुतेकांना ते सापडलं. मन्सुरोवांची मुलगी दोन वर्षांपासून कोरियात होती.

"किती परत आले, ते विचारलंत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो हिशेब पाणीखात्याचा नाही, साहेब."

त्यांनी सही केली. एका माणसामागे एकच वाडगा, अशी अटही घातली, कारण नायब हाकिमानं अट घातली नाही तर तो नायब हाकीम कसला.

बातमी ओपाच्या आधी गल्लीत पोचली. झुलैहो दारात उभीच होती. "वा गं खोसियत! माझा नळ बंद करून स्वतःच्या मुलाला कायदा करून घेतलास होय?"

"तुझं नाव फळ्यावरून पुसून आलेय," ओपा म्हणाली. "आणि चुकले मी. ते आधीच मागायला हवं होतं."

झुलैहोनं आत जाऊन वाटीभर कुरूत, वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, आणून तिच्या ओटीत टाकले. "पोराला वाटेत चघळायला. कझानला असलं काही मिळत नाही म्हणे."

निघायचा दिवस उजाडला. दहाच्या सुमाराला व्हॅन दाराशी आली. एलमुरोदनं रोटीचा घास तोडला आणि ती घास तोडलेली रोटी एनानं तो परत येईपर्यंत जपायला रुमालात बांधली. गल्लीतल्या बायका जमल्या. खोसियत-ओपा दारात वाडगा घेऊन उभी होती. वाडगा काठोकाठ भरलेला, आणि पाण्याचा एक थेंब वाया न घालवणाऱ्या त्या बाईच्या बोटांवरून पाणी ओघळत होतं.

"कमी होतंय," ती पुटपुटली. "एना, सांडतंय हो. पुन्हा भरून आणू का? एकच वाडगा म्हटलंय, पण सांडलेलं धरायचं का त्यात? मी उजव्या हातानं टाकू ना? गाडी हलली की लगेच, का कोपऱ्यावर वळताना?"

एना काठी टेकत तिच्याजवळ आली. चौऱ्याऐंशीची म्हातारी, आयुष्यात सुनेशी हळू आवाजात बोललेली कुणी ऐकली नव्हती. तेव्हा बोलली.

"खोसियत, ऐक. त्या दिवशी मी टाकलं होतं."

"काय टाकलं होतं?"

"पाणी. माझ्या वजूच्या, नमाजाआधी हातपाय धुवायच्या तांब्यात थोडं होतं. मागच्या दारानं कोपऱ्यावर गेले आणि त्याच्या ट्रकमागे सगळं ओतलं. तांब्या उपडा करून झटकला. रस्ता कोरडा नव्हता."

खोसियत-ओपाला आधी समजेचना. व्हॅनवाला सामान वर बांधत होता, बायका एलमुरोदच्या खिशात बदाम कोंबत होत्या.

"मग एकोणीस वर्षं मला का बोललात?"

"कुणाला तरी बोलायला हवं होतं ना गं." म्हातारी म्हणाली. "त्याला बोलायचं, तर तो होता का इथे? पाणी टाकूनही माझा लेक आला नाही, असं मी कुणाला सांगू? तुझ्यावर ढकललं. तू ऐकून घेत गेलीस, मला सवय लागली. आज सांगतेय ते एवढ्यासाठी, की उद्या हा नाही आला तर तू जन्मभर या वाडग्याला विचारत बसशील. सांडलं का, कमी पडलं का. नको बसूस. मी बसले, त्यानं काही होत नाही."

खोसियत-ओपाला तिचा राग आला. एवढा आला की वाडगा तिच्याच अंगावर रिकामा करावा असं वाटलं. आणि त्याच वेळी छातीवरून कुणीतरी धोंडा उचलल्यासारखं वाटलं, आणि तिला हमसून रडू आलं, सगळ्या गल्लीदेखत.

एलमुरोद खिडकीतून ओरडला, "आई, रडतेस काय, फोन करतो ना मी पोचल्यावर!"

व्हॅन हलली. खोसियत-ओपा रबरी बुटांनिशी धावत गल्लीच्या मधोमध गेली आणि तिनं पाणी टाकलं. विश्वास होता की नव्हता, ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं. तिनं टाकलं. धूळ जराशी बसली. व्हॅन कोपऱ्यावर वळली आणि झुलैहोनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले.

वाडग्यात अजून निम्मं पाणी होतं. ते तिनं टाकलं नव्हतं. ती परत दाराशी आली आणि वाडगा सासूच्या हातात दिला.

"घ्या. तुमच्या लेकाचं."

एनानं वाडगा दोन्ही हातांनी धरला. मग काठी भिंतीला टेकवून ती एकटी गल्लीत उतरली आणि ते अर्धं पाणी रिकाम्या रस्त्यावर टाकलं.