राखून ठेवलेला प्रश्न

खात्याकडून आलेलं उत्तर मी दोनदा वाचलं आणि फाइल घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब नुकतेच राज्यमंत्री झालेले, मी त्यांचा पीए. नागपूरचं अधिवेशन सुरू होतं. आमच्याच मतदारसंघातल्या एका सरकारी दवाखान्यात दोन वर्षं डॉक्टर नाही, हे खरे आहे काय, असा एका विरोधी आमदारांचा तारांकित प्रश्न आला होता. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. खात्याने लिहिलं होतं, 'हे खरे नाही.'

अडचण एवढीच की, वर्षभरापूर्वी साहेब विरोधी बाकांवर असताना याच दवाखान्याचा प्रश्न त्यांनी विचारला होता. प्रश्नही आणि त्यावरचं भाषणही मीच लिहून दिलं होतं. तेव्हाही 'हे खरे नाही' असंच उत्तर आलं आणि साहेबांनी संतापून सभात्याग केला. पुढे मतदारसंघाच्या विकासासाठी त्यांनी पक्ष बदलला. विकासाची सुरुवात लाल दिव्याची नसली तरी सरकारी गाडीपासून झाली.

मी म्हणालो, "साहेब, हे खरं आहे. शेवंताबाई कालच येऊन गेली."

शेवंताबाई म्हणजे निवृत्त अंगणवाडी सेविका. नवऱ्याला अर्धांगवायू. दर सोमवारी ऑफिसात येऊन ती शांतपणे एकच विचारायची, "भाऊ, आता तं साहेबच मंत्री हायेत. मंग डॉक्टर काहून येऊन नाही राहिला?" मी तिला चहा पाजायचो. माझ्या अधिकारात तेवढंच होतं.

साहेब पोह्यांवर तर्री घेत म्हणाले, "वानखेडे, तेव्हा मी नुसता आमदार होतो. आता मले पूर्ण माहिती आहे."

सभागृहात त्यांनी खणखणीत आवाजात उत्तर वाचलं. विरोधी आमदार उठले. त्यांनी जुन्या कामकाजाची छापील प्रत काढली आणि साहेबांचंच भाषण वाचलं. ज्या मंत्र्याला बंद दवाखाना दिसत नाही, त्याने घरी बसावं, असं त्यात होतं. मंत्रिमहोदय या सदस्यांशी सहमत आहेत का, असं त्यांनी नम्रपणे विचारलं. सभागृह हसलं. कॅमेरा चालू असल्याने साहेबही हसले. अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला, म्हणजे नीट माहिती घेऊन पुन्हा उत्तर द्यायचं.

मग जे दोन वर्षांत जमलं नव्हतं, ते चार दिवसांत जमलं. डॉक्टर रुजू झाला. साहेबांनी फीत कापली. शेवंताबाई नवऱ्याला ऑटोत घालून आली होती, रांगेत पहिला नंबर तिचा. तपासून झाल्यावर ती मला म्हणाली, "भाऊ, डॉक्टरनं हात लावून पाह्यलं." तिचे डोळे भरले होते. माझेही, पण बाजूला साहेबांचा सत्कार चालू होता, त्यात ते खपून गेलं.

आठवड्याभरात माझी रवानगी मूळ खात्यात झाली. विरोधी आमदारांना ती छापील प्रत मीच पुरवली, असा साहेबांचा संशय. विधानभवनाच्या ग्रंथालयात ती कुणालाही मिळते, हे मी सांगितलं. साहेब ग्रंथालयात कधी गेलेले नसल्याने त्यांना ते पटलं नाही.

या नोकरीत नव्याने येणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे. साहेबांची भाषणं मन लावून लिहा, पण लक्षात ठेवू नका.