ओव्याची धुरी

आमच्या घरामागं टॉवेलचा कारखाना आहे. गेल्या हिवाळ्यात त्याला आग लागली. ज्वाळा दुपारपर्यंत विझल्या, पण सुताचे गठ्ठे आतल्या आत तीन दिवस धुमसत राहिले. वाळत घातलेल्या साड्यांवर काजळी, पाण्याच्या पिंपावर काजळी आणि माझ्या सहा वर्षांच्या नातीच्या छातीत शिट्टी.

सून कामावर जाताना म्हणाली, "आत्या, खिडक्या लावून घ्या. खोकला वाढला तर लगेच फोन करा."

फोन? आणि मी? तीन पोरं वाढवलेली बाई!

तरुणपणी गल्लीत माझ्या धुरीचा लई बोलबाला. शेगडीत निखारे, वर ओवा, लसणीची सालं, आणि न्हाऊ घातलेलं बाळ त्या धुरावर धरायचं. बायका दारात रांग लावायच्या. पदर खोचून माझा थाट असा, की मोठा दवाखानाच चालवतेय. बाळ रडून रडून निपचित झोपलं की मी म्हणायची, "बघ, उतरला की नाही कफ?" बाळ दमलंय, एवढंसुद्धा त्या शहाणीला कळत नव्हतं.

तीच शहाणी त्या दिवशी माझ्यात पुन्हा जागी झाली. दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबले, खिडक्या घट्ट लावल्या आणि बंद खोलीत शेगडी पेटवली. बाहेरच्या धुराला बंदी, घरच्याला पाट मांडून बसवलं.

"आजी, डोळे झोंबतात."

"झोंबू दे की. औषध हाय ते."

ती आणखी दोनदा कुरकुरली, मग गप्प झाली. मला वाटलं, गुण आला. फ्रॉक वर करून बघते तर फासळ्यांमधली कातडी आत ओढली जात होती. "आ...जी, पा...णी," एवढं बोलायला तिला दोनदा श्वास घ्यावा लागला. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरही धूर. सुनेला फोन लावला, तो तिसऱ्यांदा लागला.

दवाखान्यात नातीच्या तोंडावर मास्क बसवला, त्यातून पांढरी वाफ निघू लागली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काही जाळलं होतं का?"

"नाही हो," सून म्हणाली, "खिडक्यासुद्धा लावल्या होत्या. बाहेरचाच धूर."

मी पिशवीचे बंद चाचपत बसले. तरुणपणीची मी असते तर मान डोलावून मोकळी झाले असते. पण पोरीचं पोट भात्यासारखं हलत होतं.

"मी केली धुरी," मी म्हटलं. "ओव्याची. बंद खोलीत."

डॉक्टर रागावले नाहीत. "किती वेळ?" एवढंच विचारून लिहून घेतलं. सून माझ्याकडं बघेना. तेवढ्यात मास्कमधून आवाज आला, "आजी, हा धूर चालतो का?"

सून हसली नाही. मीही नाही.

आता शेगडी माळ्यावर आहे. पण थंडी पडली की शिट्टी परत येते. ती आगीची की माझ्या शेगडीची, हे डॉक्टरही सांगत नाहीत. रोज सकाळी मी नातीच्या पाठीला कान लावते. ती कारटी मुद्दाम श्वास रोखून धरते आणि मी घाबरले की खदखदून हसते. हा वात्रटपणा माझाच.

ती हसता हसता खोकते का, तेवढं मी ऐकत राहते.