ललिता बिद्रीला का जात नव्हती

माझी धाकटी जाऊ ललिता म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली सगळ्यात शिष्ट बाई, असं मी गावभर सांगत फिरलेली हाय. खोटं कशाला बोलू? लेक साक्षी बिद्रीला दिली, साखर कारखान्यातल्या प्रसेनजीतला. तीन वर्षं झाली, पण ही बया लेकीच्या उंबऱ्याला शिवली न्हाय. यष्टीत मळमळतंय म्हणायची. विहीण विठाबाई फुगून बसलेल्या.

२००७ साली साक्षीनं नवं घर बांधाय काढलं आन् फोनवर रडली, "आई, ह्या खेपंला घरभरणीला न्हाय आलीस तर परत बोलवणार न्हाय."

मी तणतणत ललिताच्या घरात शिरले. ती मोरीत साडी धूत हुती, सकाळपासनं दुसरी. मला बघून रडायलाच लागली. साक्षी झाली त्या बाळंतपणात खाली फाटलं हुतं, तवापासनं संडास आवरत न्हवती. कळ आली की संपलंच. बावीस वर्षं! नवऱ्यालाबी पत्ता न्हाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पर रडून काय हुतंय? दुसऱ्या दिवशी धरून डॉक्टरीणबाईकडं नेली. त्या म्हणाल्या, "घोट्याजवळ बारीक सुई लावून हलका करंट देऊ. तिथली नस आणि संडास आवरणारी नस कमरेत एकाच ठिकाणी मिळतात. आठवड्याला अर्धा तास, बारा आठवडे. सगळ्यांना गुण येतोच असं नाही."

"डोकं दुखलं तर गुडघ्याला बाम लावायचा व्हय?" मी म्हटलं. डॉक्टरीण हसल्या. ललितानं मुकाट पाय पुढं केला. करंट सोडल्यावर अंगठा टकाटका उडाय लागला.

पाच आठवडे कायबी फरक न्हाय. मी मशीनला शिव्या घातल्या. सातव्या आठवड्यात ललिता पळत आली, "वैनी, कळ आली आन् मी दहा मिनिटं दम काढला!" आनंदानं मी तिला मिठीच मारली. पार बरी न्हाय झाली, पर गाडीत बसायचं धाडस आलं.

घरभरणीला बिद्रीत पोचलो. बुद्धवंदना व्हायची हुती, बायका जमलेल्या. विठाबाईंनी तोंड वाकडं केलं, "दिसलं म्हणायचं आमचं घर!"

मी फाडकन बोलणार, तवर ललिताच म्हणाली, "विहीणबाई, मला संडास आवरत न्हवती, म्हणून आले न्हाय. घोट्याला सुया टोचून घेतल्या, तवा आज आले. आधी संडास कुठं हाय तेवढं दावा."

साक्षीनं तिथंच आईला कवटाळलं आन् हुंदके देऊन रडाय लागली. विठाबाईंनी ललिताचा हात धरून तिला मागल्या दारी नेलं. मीबी गेले मागनं, राहवतंय व्हय? विठाबाई भिताडाला टेकून हळूच विचारत हुत्या, "ती डॉक्टरीण मलाबी तपासंल का वो?"