मागची ओळ

"एक ओळ गवत वाचवायला घरादाराला उपाशी मारणार का, वहिनी?" दीर कुदळ उंबऱ्याला टेकवून उभा होता. "शेतातला वाळा संपला, बाजारात मिळत नाही. वाळ्याचे पडदे वेळेवर गेले नाहीत तर व्यापारी काम दुसऱ्या घरी देईल. आणि आपल्या घरामागं एवढा वाळा उभा आहे!"

"तो उभा आहे म्हणून घर उभं आहे, भाऊजी."

तिचा हात थांबला नाही. बांबूच्या चौकटीत ओली मुळं दाबून बसवायची, सुतळीचा वेढा, गाठ, पुन्हा मुळं.

"तेच पालुपद! गवताला जपता तेवढं दादाला जपलं असतं तर..."

गाठ अर्धीच राहिली. दिराला आपण काय बोललो ते कळलं, पण शब्द परत गिळता येत नाहीत. तो कुदळीच्या दांड्याकडे बघत राहिला.

सगळी गल्ली तिला पडदेवाली म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा ओढा दरवर्षी मागची थोडी जमीन खात होता आणि काठ मागच्या खोलीच्या भिंतीपासून हातभर उरला होता. तिनं माहेरच्या नदीकाठचा वाळ्याचा एक ठोंब आणला, फोडून त्याचे फुटवे वेगळे केले, पानं वीतभर ठेवून छाटली आणि काठाला चिकटून ओळ लावली. "लोकांच्या सुना माहेराहून भांडी आणतात, आमची गवत घेऊन आली," सासू शेजारणींना सांगायची. पायाशी ओल आणि डोक्यावर ऊन, एवढंच या गवताचं मागणं. बी धरत नाही. फोडावं तसं वाढतं. मुळं मात्र आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, माणूस बुडेल इतकी खोल. शिवण घालावी तसा त्यांनी काठ शिवून टाकला.

शेतातला वाळा खणायचा, मुळं कापून घ्यायची आणि गड्ड्याचे फुटवे दिवस मावळायच्या आत परत मातीत लावायचे, हा घरचा नियम. मागच्या ओळीला मात्र कुदळ लावायची नाही. नवऱ्यानं हा नियम एकदाच मोडला. मोठं काम आलं होतं, लांब मुळं हवी होती. कोपऱ्यात तो काठाच्या पोटात शिरला आणि काठ त्याच्या अंगावर बसला. बाहेर काढला तेव्हा मुठीत मुळं होती. दुखवट्याला येणारी माणसं संपल्यावर तिनं त्याच खड्ड्यात फुटवे लावले. या वर्षी कुठं तो कोपरा हिरवा दिसायला लागला होता.

"अगं सूनबाई," मागच्या खोलीतून सासूची हाक आली. "माझ्या खाटेखाली काय ठेवलंय?"

"काही नाही, आई."

"डोळे गेले माझे, नाक अजून जागेवर आहे. बाजारातला वाळा धुऊन येतो. याला मातीचा वास आहे. आजचाच आहे."

दीर पुढे झाला. "म्हातारीला काहीही भास होतात."

ती उठली आणि खाटेखाली वाकली. पोतं जड होतं, तोंडाशी ओली लांब मुळं. ती तशीच मागच्या दारानं बाहेर गेली. ओळ हिरवीगार दिसत होती. कोपऱ्यातल्या झुबक्याला तिनं हात घातला. ओढावंही लागलं नाही. नुसती पानं हातात आली. दुसरा झुबका, तिसरा. अर्ध्या ओळीत वरचा पाला कापून मातीत खोचलेला होता. सकाळी ती तयार पडदे पोचवायला गेली होती, तेवढ्यात हे उरकलं होतं. आता मागत होता ती परवानगी झालेल्या कामासाठी.

"गड्डे कुठे आहेत?"

"ओढ्यात टाकले. तुम्हाला दिसू नयेत म्हणून." त्याचा आवाज खाली आला. "वहिनी, मुळं आहेत की. तीच लावू परत."

"नुसती मुळं जगत नाहीत, भाऊजी. इतकी वर्षं या घरात जेवलात, एवढंही कळलं नाही?"

तिनं भिंतीच्या बुडाशी बोटं फिरवली. दगडांच्या सांध्यात नवी फट होती. तिनं करंगळी घातली. पेरभर आत गेली. पावसाचे दिवस तोंडावर होते. आज फुटवे लावले तरी मुळं खोल जायला वर्ष उलटलं असतं.

आत येऊन तिनं चौकटीतली सुतळी विळीवर कापली. अर्धा पडदा जमिनीवर मोकळा झाला.

"हे काय करताय? व्यापारी..."

"व्यापाऱ्याला तुम्ही सांगून या." तिनं सासूची उशी काखेत मारली आणि तिला दंडाला धरून उठवलं.

"कुठं नेतेस गं?"

"पुढं. आता तुमची खाट पडद्याच्या चौकटीच्या जागी. उद्या मागची खोली पाडायची. पडण्याआधी, आपल्याच हातानं. तिचे दगड काठाला लावायचे आणि उरलेले ठोंब फोडून दगडांच्या मध्ये फुटवे लावायचे. दोन वर्षं या घरात पडदा विणला जाणार नाही."

"खोलीत माझी चारही बाळंतपणं झाली," सासू म्हणाली.

"हो, आई. उद्या सकाळी पाडायची."